दादा, सवय नाकाला होते

फटाक्यांवरून घरच्या ग्रुपवर वाद पेटला होता. त्यात दादाने लिहिलं, "डोंबिवलीच्या हवेत ५० वर्षं काढली, काय झालं आपल्याला? सवय होते." खाली सात अंगठे. एडिनबरात सकाळी बसस्टॉपवर हे वाचलं आणि माझं डोकं सणकलं.

सवय नाकाला होते, मान्य. माहेरी गेले की पहिल्या दिवशी एमआयडीसीचा वास येतो, तिसऱ्या दिवशी येत नाही. पण पीएम २.५ म्हणजे हवेतले अतिबारीक कण, केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्श्याहून बारीक. ते फुफ्फुसांच्या तळापर्यंत पोचतात, दाह होतो, रक्त लवकर गोठायला लागतं, रक्तवाहिन्या ताठरतात. इथल्या डॉक्टरांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या २० पुरुषांना तासभर डिझेलच्या विरळ धुरात ठेवून सायकल मारायला लावली होती. २००७ साली ते छापून आलं. स्वच्छ हवेच्या मानाने धुरात त्यांच्या हृदयाला रक्त जास्त कमी पडत होतं, ईसीजीवर दिसत होतं. फक्त एका तासात!

आणि आपलं सरकार संसदेत सांगतं, केवळ प्रदूषणामुळे मृत्यू झाला असं दाखवणारी ठोस आकडेवारी नाही. केवळ? हृदयाचं दुखणं कधी एकाच कारणाने येतं का? बीपी, साखर, तंबाखू असतेच, त्यात ही हवा भर घालते. या कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची वर्षाच्या सरासरीची मर्यादा घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम, आपली ४०. इथेही स्कॉट मॉन्युमेंट हा जुना दगडी मनोरा अजून काजळीने काळं आहे, पण ही माणसं "सवय झाली" म्हणून बसली नाहीत.

हे सगळं मी टाइप केलं. शेवटी लिहिलं, "बाबांना झालं ना." आणि सगळंच पुसून टाकलं. बाबांना दोन स्टेंट बसले त्या रात्री त्यांना रिक्षात घालून नेलं ते दादाने. मी चौथ्या दिवशी पोचले, तोवर ते उठून बसले होते. त्या रात्रीबद्दल दादाला सुनवायला मला तोंड नाही.

दुपारी बाबांना फोन लावला. तिकडे अंधार पडला होता. "गॅलरीत बसलोय, सोसायटीची पोरं माळ लावतायत, ऐक," म्हणाले आणि फोन बाहेर धरला. माळ संपेपर्यंत मी ऐकलं. जळक्या कागदाचा तो वास अगदी नाकात भरला.

मग म्हटलं, "बाबा, आत या. दार लावून घ्या." दोनदा म्हटलं.