छप्पन थ्रेडचा हत्ती

"कंपनीचं सेकंडहँड वर्कस्टेशन घ्या. दोन झिऑन ई5-2680 व्ही4, 28 कोर, 56 थ्रेड. असेंबल्ड पीसीच्या दहापट फास्ट, कधी बंद पडत नाही, दोन महिन्यांत पैसे वसूल." हा मेसेज पंधरा दिवस सोलापुरात फिरतोय. फिरेना का! पण परवा भाच्याचा फोन आला, "मामा, ॲडव्हान्स दिलाय." पोरगा एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांना जकार्डची, म्हणजे मागावरच विणल्या जाणाऱ्या नक्षीची, डिझाइनं करून देतो.

दहापट? मेसेजमधला झिऑन हा इंटेलचा सर्व्हरचा प्रोसेसर, 2016 चा. कोर म्हणजे त्यातला एकेक कामगार, थ्रेड म्हणजे त्या कामगाराच्या हातातलं एकेक काम. एकात 14 कोर खरे, पण एकेक कोर फार तर 3.3 गिगाहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला तेवढ्या अब्ज ठोक्यांना, जातो. इंटेलचाच साधा आय5-12400 प्रोसेसर जातो 4.4 ला, शिवाय नवा कोर तेवढ्याच ठोक्यात जास्त काम उरकतो. भाच्याच्याच सहा कोरच्या मशीनवर मी टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला कोर किती राबतोय ते दाखवणारी खिडकी, उघडून बसलो. त्यानं किनारीची वीण बदलली, स्क्रीन अडकली. एक कोर घाम गाळतोय, पाच झोपलेले. तिथं अजून बावीस झोपाळू आणून काय करायचं? संगणकतज्ज्ञ जीन ॲमडालनं 1967 मध्येच मांडलंय: निम्मं काम एकामागून एकच होणारं असेल, तर हजार कोर लावले तरी वेग दुपटीपुढे जात नाही. थ्रीडी रेंडरिंग करणाऱ्याचं काम सगळ्या कोरांत वाटलं जातं, त्यानं जरूर घ्यावा हा हत्ती. टॉवेलवाल्यानं कशाला?

"कधी बंद पडत नाही" हे वाचून तर हसूच आलं. माझ्याकडे असाच टॉवर होता. ऐन मे महिन्यात पॉवर सप्लाय गेला. बाजारातला नेहमीचा बसेना, प्लगच निराळा. नव्या पेठेतल्या दुकानदारानं तो उलटापालटा करून पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला. पुण्याहून यायला नऊ दिवस. तोवर ऑर्डर दुसऱ्याकडे.

एक गोष्ट मान्य, नाइलाजानं: अशा मशीनमधली ईसीसी, म्हणजे स्वतःची चूक ओळखणारी, मेमरी चांगलीच. गुगलच्या सर्व्हरवरचा 2009 चा अभ्यास सांगतो, वर्षभरात 8 टक्क्यांहून जास्त मेमरी पट्ट्यांमध्ये चुका सापडल्या. पण ईसीसी चुकलेला बिट सुधारते, जळालेला सप्लाय नव्हे.

आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत हा झिऑन नाही. दोन प्रोसेसरचे 240 वॅट विरुद्ध आय5 चे 65, हे वीजबिल भरणाऱ्यानं बघावं. "दोन महिन्यांत वसूल" कुणाचे, विकणाऱ्याचे?

ॲडव्हान्स परत देत नाही म्हणतोय तो विकणारा. मग तेवढ्यात मोठा मॉनिटर दे म्हणावं, असं भाच्याला सांगितलंय. दिवसभर डिझाइनच्या त्या ग्राफच्या चौकटी बघून डोळे लाल होतात पोराचे.