‘सही करा आणि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. “दादा, तो मेसेज वाचलास का? तसंच असेल तर उद्या पोराला मालकाच्या तडजोडीच्या स्टँपपेपरवर सही करून टाकायला सांगते.”

पोरगं म्हणजे माझा भाचा, वय पंचवीस. आठ माणसांच्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर) होता, पगार १४,००० रुपये. ऑगस्ट २०२५ मध्ये डाव्या हाताची दोन बोटं डायखाली, म्हणजे मशीनच्या साच्याखाली गेली. उजवा हात शाबूत आहे, म्हणजे सही करता येते. मेसेजवाल्याला तेवढंच हवंय.

मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. ‘कामावर अपघात झालाय? कोर्टाच्या नादी लागू नका’, वर लाल दिवे, खाली ‘एका नामांकित वकिलांकडून साभार’. वकिलाला नाव नाही. मीही वकील नाही, पण पिंपरीत युनियनच्या फायली वाहण्यात तीस वर्षं गेली आणि १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा (२०१० पासून त्याचं नाव कर्मचारी नुकसानभरपाई कायदा) हाताळून हाताळून माझी प्रत फाटली आहे.

सगळ्यात घातक मुद्दा तिसरा, म्हणून आधी तोच. ‘मालकाने दवाखान्याचं बिल भरलं आणि १०० रुपयांच्या स्टँपवर तडजोड झाली की कामगाराचा हक्क संपतो.’ अहो, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बहुतेक कामांना शंभराचा स्टँप चालतच नाही, पाचशेचा लागतो. मेसेज किती शिळा आहे ते इथेच कळतं. पण स्टँप पाच हजारांचा आणला तरी उपयोग नाही. कायद्याचं कलम १७ सरळ सांगतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा मालकाची जबाबदारी कमी करणारा करार त्या मर्यादेत रद्दबातल आहे. तडजोड करताच येत नाही असं नाही. करता येते, पण एकरकमी तडजोडीचा कागद नुकसानभरपाई आयुक्तांकडे नोंदवायला पाठवावा लागतो. रक्कम अपुरी वाटली किंवा दबाव टाकून सही घेतल्याचं दिसलं तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. आणि कागद पाठवलाच नाही तर? कलम २९ वाचा. मालकाला पूर्ण भरपाई द्यावी लागते आणि आधी दिलेल्या पैशांपैकी, आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर, निम्म्याहून जास्त वजाही करता येत नाही. दवाखान्याच्या बिलाचं तर नावच काढू नका. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरायचाच असतो, भरपाई त्याहून वेगळी.

भाच्याला देऊ केलेत ६०,००० रुपये. बहीण म्हणते, “मालक माणूस चांगला आहे रे.” असेल. पण हिशोब बघा. पगाराचे ६० टक्के म्हणजे ८,४००. पंचवीस वर्षांच्या माणसाला कायद्याच्या तक्त्यातला गुणक २१६.९१. गुणाकार १८,२२,०४४. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता २० टक्के गेली असं परिशिष्टात छापलंय. म्हणजे सुमारे ३,६४,४०९ रुपये, वर उपचाराचा खर्च. (हिशोबात पगार १५,००० पर्यंतच धरतात, हा तर त्याच्याही आत आहे.) साठ हजारांत तीन लाखांचा हक्क विकत घेणारा माणूस चांगलाच असणार, त्याच्या स्वतःसाठी.

पहिला मुद्दा: ‘चूक कामगाराची असेल तर एक रुपया मिळत नाही.’ यात पाव हिस्सा खरा आहे, तो मान्य करतो. दारू पिऊन मशीनवर उभा राहिलात, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडलात किंवा मशीनचं गार्ड (हात वाचवणारं संरक्षक साधन) मुद्दाम काढलंत, तर मालक सुटू शकतो. तोही मृत्यू किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं नसेल तरच. पण डुलकी लागली, हात चुकला, ओव्हरटाइमच्या बाराव्या तासाला लक्ष उडालं, हे ‘मुद्दाम’ होत नाही. आणि नग लवकर निघावेत म्हणून हात आत आला की मशीन थांबवणारा सेन्सर बंद ठेवायला सुपरवायझरनेच सांगितलं असेल, तर गार्ड कामगाराने काढलं म्हणायला तोंड तरी कसं उघडतं?

‘नेमणूकपत्र नाही, पीएफ नाही, कंत्राटी आहे म्हणून हक्क नाही’ हेही खोटं. कंत्राटदाराच्या माणसाला मूळ मालकाकडेही भरपाई मागता येते, कलम १२. पुरावा मात्र लागतो. बँकेत आलेला पगार, सोबतच्या पोरांची साक्ष, आणि सगळ्यात महत्त्वाचा दवाखान्याचा पहिला केस पेपर. ‘घरी पडला असं सांगा’ म्हणणारा माणूस शेजारी उभा असतो तेव्हा डॉक्टरांना खरं काय ते सांगायचं. भाच्याने सांगितलं, एवढी एक अक्कल त्याने दाखवली.

चोवीस तासांत एफआयआर नाही म्हणून दावा बाद? असं कुठेच लिहिलेलं नाही. दावा करायला अपघातापासून दोन वर्षं आहेत आणि उशिराला सबळ कारण असेल तर तोही माफ होतो.

‘येता-जाताचा अपघात धरत नाहीत.’ धाराशिव भागातला साखर कारखान्याचा एक पहारेकरी पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवर निघाला होता, कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर अपघातात गेला. उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. प्रवासाचा वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर तो कामावरचाच अपघात धरायचा.

आता बोचणारी गोष्ट. तो पहारेकरी २००३ मध्ये गेला आणि शेवटचा निकाल २०२५ मध्ये लागला. म्हणजे ‘वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात’ हा मेसेजमधला मुद्दा मला खोडता येत नाही. कायदा म्हणतो, तीन महिन्यांत निकाल द्या. कामगार न्यायालयाच्या बाकावर बसलेल्यांना हे सांगून बघा. पण महिनाभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज लागतं आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही, हे मेसेजवाला सांगत नाही. ‘वकील निम्मे पैसे खातो’ म्हणतो, पण औद्योगिक कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न बघता मोफत वकील मिळू शकतो, हे त्याच्या नामांकित वकिलाला माहीत नसावं.

शेवटचा मुद्दा ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) आणि भरपाई दोन्हीकडून घ्या असा आहे. मिळत नाही. ईएसआय लागू असेल तर फक्त तिकडेच जायचं. भाच्याच्या शॉपला ते लागू नाही.

आणि हो, ‘जुना कायदा रद्द झाला’ म्हणणारेही भेटतील. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला हे खरं. पण अपघात ऑगस्टचा आहे, म्हणून त्याला जुनाच कायदा लागू, आणि येता-जाताच्या अपघाताचा मुद्दा तर संहितेने कलमातच घातलाय.

बहिणीला एवढंच सांगितलं, स्टँपपेपर परत देऊ नको, फाडूही नको. पिशवीत घालून सोमवारी केस पेपरसोबत घेऊन ये.