पाइप उघडला, मग बाग का सुकली?

रव्याच्या काकांच्या हार्ट अटॅकचा विषय सगळ्यांच्याच मनात होता, पण रव्यासमोर काढणार कोण? म्हणून अर्धा तास क्रिकेट चाललं होतं. शेवटी रव्याच म्हणाला, "अँजिओप्लास्टी झकास झाली, रक्त सुरळीत वाहतंय. मग हृदय निम्म्याच ताकदीनं का चालतंय?"

पक्या मांडी घालून बसला होता. त्याचा धंदा पाइप-फिटिंगचा, त्यामुळे त्याला जगात सगळीकडे पाइपच दिसतात. "सोपं आहे. ब्लॉक काढला की पाणी आलं पाहिजे. आलं नाही म्हणजे डॉक्टरनं घोळ घातला."

"पाणी आलंय रे," नंदा म्हणाली. चौदा वर्षं आयसीयूत नर्स आहे ती. "पण तोवर बाग सुकली होती. आता पाइप सोन्याचा टाक!"

मग तिनं रव्याला विचारलं, "दुखायला कधी लागलं?"

"रात्री दोनला. काकी म्हणत होत्या, जाऊ या. काका म्हणाले, पित्त आहे, सकाळी बघू. सातला नेलं."

नंदा क्षणभर गप्प बसली. मला तेव्हाच कळलं, सगळा हिशोब त्या पाच तासांत आहे.

"पेशी काही लगेच मरत नाही," ती म्हणाली. "रक्त थांबलं की हृदयाचा तेवढा भाग मिनिटभरात आकुंचन पावायचा थांबतो, पण जिवंत असतो. वीसेक मिनिटांत उघडलं तर जवळजवळ सगळा परत येतो. त्यानंतर आतल्या थरापासून मरायला लागतो आणि तासातासानं बाहेरच्या बाजूला सरकतो. मेंदूला एवढीही सवड नाही. रक्त पूर्ण थांबलं तर चार-पाच मिनिटांतच भरून न येणारं नुकसान सुरू होतं. हातापायाचे स्नायू मात्र काही तास तग धरतात."

"पण मरते म्हणजे नेमकं काय होतं?" मी विचारलं.

"होडी बघितलीस ना? पाणी झिरपतच असतं, एक जण सतत उपसत असतो. पेशीतही सोडियम सारखं आत येतं आणि पंप ते बाहेर फेकतो. पंप चालतो एटीपीवर, म्हणजे पेशीच्या इंधनावर. ऑक्सिजन असला तर एका ग्लुकोजमागे तीसेक एटीपी मिळतात, नसला तर फक्त दोन. वर लॅक्टिक ॲसिड साचतं ते वेगळंच, कारण ते वाहून न्यायलाही रक्त नाही. उपसणारा थांबला की सोडियम साठतं, मागोमाग पाणी शिरतं, पेशी फुगते. इथवर परतीची वाट असते. मग घुसतं कॅल्शियम. एरवी ते पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा दहा हजार पट कमी असतं. वाढलं की पेशीची स्वतःचीच एन्झाइम्स तिचं आवरण कुरतडतात आणि आतला माल रक्तात सांडतो. आम्ही रक्तात ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन, तपासतो ना, तो हाच सांडलेला माल."

रव्या जमिनीकडे बघत होता.

पक्या कुठला गप्प बसतो! "म्हणजे रक्त परत आलं की पंप चालू, विषय संपला."

"नाही ना! अर्धमेल्या पेशीत ऑक्सिजन एकदम शिरला की फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशीला इजा करणारे रेणू, तयार होतात, कॅल्शियम आणखी चढतं. काही पेशी रक्त परत आल्यावर मरतात."

"बघा! मग उघडायचंच कशाला?"

"न उघडता सगळंच जातं म्हणून. उघडायचंच, आणि लवकर उघडायचं."

मग तिनं 1986 चा कुत्र्यांवरचा प्रयोग सांगितला. हृदयाची धमनी आधी चार वेळा पाच-पाच मिनिटं बंद केली, दर वेळी मध्ये मोकळी सोडली आणि मग चाळीस मिनिटं बंद ठेवली. अशी सवय केलेल्या हृदयात मेलेला भाग सवय न केलेल्याच्या जेमतेम पाव भरला. पक्यानं ताबडतोब निष्कर्ष काढला, "म्हणजे रोज थोडा वेळ श्वास रोखून धरायचा!"

"तू बोलणं रोख, तेवढं पुरे," नंदा म्हणाली.

यावरून मला त्यानं फायनलमध्ये केलेलं धावबाद आठवलं. तिथंही यानं निष्कर्ष आधी काढला आणि चेंडू नंतर बघितला. पक्या म्हणतो, कॉल माझा होता. नव्हता. त्यावर दहा मिनिटं गेली, आणि रव्या पहिल्यांदा हसला.

नंदा त्याच्याकडे वळली. "ऐक, तो निम्मा भाग सगळाच मेलेला असेल असं नाही. काही भाग नुसता बधिर झालेला असतो. रक्त मिळालं की दिवसांत, आठवड्यांत परत हलायला लागतो. पुढचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होऊ दे. आणि काकांना सांग, छातीत दडपलं की पित्त आहे का ते हॉस्पिटलात ठरवायचं, अंथरुणात नाही."

"हे पटलं," म्हणत पक्या उठला आणि एका पायावर लंगडत थेट रव्याच्या अंगावर कोसळला. तासभर मांडी मोडली नव्हती गड्यानं.

"नंदे, पाय गेला माझा! पेशी मेल्या!"

"मज्जातंतू दबलाय मूर्खा, मुंग्या येतील आता!"

"आल्या, आल्या!" पक्या ओरडत होता, आणि त्याला धरून उभं करण्याइतकाही दम आमच्यापैकी कोणात उरला नव्हता.