‘फक्त ०.०४ टक्के’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के. एवढासा वायू पृथ्वी काय तापवणार? खरा उष्णता धरणारा वायू म्हणजे बाष्प. कार्बन डायऑक्साइड तर झाडांचं अन्न. ज्वालामुखी माणसापेक्षा कितीतरी जास्त सोडतात, आणि हवामान पहिल्यापासून बदलतच आलंय.’ अशा अर्थाचा मजकूर मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरतोय. सातवी-आठवीतली मुलं तो वाचतात आणि विचारतात, मग पुस्तकातलं खोटं का? प्रश्न रास्त आहे. ०.०४ हा आकडाही खरा आहे. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे, आणि तो कुठे चुकतो हे मुलांना नीट कळायलाच हवं.

आधी त्या आकड्याचं बघू. सूर्याचा उजेड हवेतून जमिनीवर येतो, जमीन तापते आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात वर सोडते. हे किरण दिसत नाहीत, पण दिवसभर तापलेल्या भिंतीजवळ संध्याकाळी हात नेला की जाणवतात. कोरड्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि एक टक्क्याला थोडा कमी अरगॉन असतो. हे तिन्ही वायू अवरक्त किरणांना जवळजवळ अडवतच नाहीत. म्हणजे उष्णता अडवण्याच्या कामात हवेचा ९९ टक्क्यांहून मोठा भाग हिशेबातच धरायचा नाही. ते काम बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे मोजके वायू करतात. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आज ते सुमारे १५ अंश आहे.

कोणते वायू उष्णता अडवतात हे शास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मोजून दाखवलं. एक लांब पितळी नळी, एका टोकाला उष्णतेचा स्रोत, दुसऱ्या टोकाला उष्णता मोजणारं नाजूक यंत्र. नळीची तोंडं त्यांनी काचेनं बंद केली नाहीत, कारण काच स्वतःच हे किरण अडवते; त्यांनी खनिज मिठाच्या पारदर्शक चकत्या लावल्या. मला या प्रयोगातलं हे मीठ फार महत्त्वाचं वाटतं, मोजमाप किती जपून केलं होतं ते त्यावरून कळतं. नळीत कोरडा ऑक्सिजन किंवा नायट्रोजन भरला की सुई हलल्यासारखी वाटतच नसे. कार्बन डायऑक्साइड भरला की ती ठळक सरकायची.

आणि हा ‘एवढासा’ वायू वाढतो आहे. कारखाने येण्याआधी हवेच्या दहा लाख रेणूंत त्याचे सुमारे २८० रेणू होते. हवाईच्या मौना लोआ पर्वतावर १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी मोजणी सुरू केली तेव्हा ३१५ च्या आसपास भरले, आज ४२० च्या वर गेलेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून दिसतं की त्याआधीच्या आठ लाख वर्षांत हा आकडा ३०० च्या फारसा पुढे कधी गेला नव्हता.

बाष्पाचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. उष्णता धरण्यात बाष्पाचाच वाटा सगळ्यांत मोठा. निफाडला पारा घसरतो तेव्हा हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असतं. ढग आले की त्याच डिसेंबरात थंडी पळते. पण जादा बाष्प काही दिवसांत पाऊस होऊन खाली येतं. कार्बन डायऑक्साइडचा मोठा भाग शेकडो वर्षं हवेत राहतो. त्यानं हवा एक अंशानं तापवली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं, आणि ते आणखी तापवतं. म्हणजे बाष्पामुळे कार्बन डायऑक्साइडचा परिणाम वाढतोच.

झाडांचं अन्न? हो, आहेच. पण पिकाला पाणी लागतं, योग्य तापमान लागतं. मार्च २०२२ हा भारतातला १९०१ पासूनच्या तोवरच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च होता. उत्तरेत ऐन दाणा भरायच्या वेळी गहू होरपळला, दाणा बारीक राहिला आणि मे महिन्यात सरकारनं गव्हाची निर्यात थांबवली. त्या शेतकऱ्याला ‘झाडांना खायला जास्त मिळालं’ हे सांगून बघा.

ज्वालामुखींचा दावा तर सरळ खोटा आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस वर्षाला ३,७०० कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो. जमिनीवरचे आणि समुद्रातले सगळे ज्वालामुखी मिळून त्याच्या एक-दोन टक्केही सोडत नाहीत.

राहिलं ‘हवामान पहिल्यापासून बदलतंय’. खरंय. शेवटच्या हिमयुगातून बाहेर पडताना पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली, पण त्याला दहा हजार वर्षांच्या घरात काळ लागला. आता दीडशे वर्षांत एक अंशाहून जास्त वाढ झाली आहे. सूर्यच जास्त तळपतोय म्हणावं, तर १९७८ पासून उपग्रह त्याची ऊर्जा मोजतायत आणि ती वाढलेली नाही. शिवाय सूर्यामुळे तापलं असतं तर वातावरणाचा वरचा थर, म्हणजे स्थितांबर, तोही तापला असता. प्रत्यक्षात खालची हवा तापतेय आणि स्थितांबर थंड होतंय. कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर नेमकं असंच व्हायला हवं.