एकटाच तर फिरतोय म्हणे!

एप्रिल २०२१ चा कोरोनाकाळ. तरी शनिवार आला की कोकणातल्या आमच्या दापोली-आंजर्ले रस्त्यावर बाहेरच्या जिल्ह्यांतून फिरायला येणाऱ्यांच्या बुलेटची धडधड सुरू. लॉकडाऊन? तो बहुतेक फक्त आम्हालाच.

हटकलं की उत्तर पाठ: "आम्ही एकटेच, हेल्मेटात. कुणाला शिवतसुद्धा नाही." अरे बाबांनो, पेट्रोल काय घरी गाळता? एकदा एक साहेब मास्क हनुवटीवर ओढून, बंद खानावळीचं अर्धं शटर वाजवत काकूंना विचारत होते, "मोदक मिळतील का गरम?" मोदक! काकूंचा मुलगा आत तापाने फणफणलेला. काकूंनी दारातूनच हात जोडले, तर ह्यांचं तोंड वाकडं.

आणि पडलात तर? कशेडी घाटाच्या वळणावर मागचं चाक सरकायला वेळ लागत नाही. मग १०८ ची रुग्णवाहिका तुमच्यासाठी पळणार. इथे ऑक्सिजन खाली आलेल्या माणसाला रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचं तर तीन-चार तास सहज जातात, आणि तेही गाडी मिळाली तर. मोडलेला पाय घेऊन तुम्ही कुठल्या खाटेवर झोपणार?

२०२० च्या गणपतीत मुंबईत नोकरीला असलेल्या आमच्याच चाकरमान्यांना, स्वतःच्या घरी यायला, दहा दिवस विलगीकरण होतं. कुरकुरले, पण राहिले. एप्रिल २०२१ च्या त्या लॉकडाऊनात तर जिल्हा ओलांडायला ई-पास, म्हणजे पोलिसांचा ऑनलाइन परवाना, लागत होता, तोही निकडीच्या कामालाच. तुम्ही त्यावर कारण काय लिहिलंत, तेवढं तरी दाखवा. की चेकनाका चुकवून आतल्या रस्त्याने आलात?