तक्त्यात नसलेला रकाना

रमजानच्या आधीचा शाबान महिना लागला आणि आमच्या खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने एक तक्ता टाकला. भाचा अमळनेरला असतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, एक्सेलवर त्याचा हात बसलेला. डावीकडे घरातल्या सव्वीस जणांची नावं. वर रकाने: पाच वक्तांची नमाज, त्यातली जमातीने, म्हणजे मशिदीत इतरांबरोबर, किती, कुराणाचे पारे (भाग) किती, तसबीह म्हणजे जप किती, सदका म्हणजे दान किती रुपये. रमजानभर रोज तरावीहनंतर, म्हणजे रात्रीच्या जादा नमाजीनंतर, ज्याने त्याने आपले आकडे भरायचे. बेरीज आपोआप होणार आणि ईदला पहिल्या तिघांना बक्षीस. खाली लिहिलं होतं, ‘यंदाचा रमजान ध्येय ठरवून करू या.’

पहिलं उत्तर फुफीचं आलं, आवाजी. फुफी म्हणजे आत्या, सत्तरीची. लिहायचा कंटाळा, बोलायचा नाही. "अल्लानी तुले मुनीम ठेयेल शे का रे?"

मग तीन दिवस धुमश्चक्री. तरुण पोरं तक्त्याच्या बाजूने, म्हातारी मंडळी विरोधात, आणि मधल्या वयाच्या सुना गप्प. त्या गप्प का आहेत हे मला इंग्लंडात, लीड्समध्ये बसून लगेच कळलं, आणि ग्रुपवरच्या एकाही पुरुषाला कळलं नाही.

बाईला महिन्यातल्या त्या दिवसांत नमाज माफ असते आणि रोजा मना. सुटलेली नमाज नंतर फेडावी लागत नाही. रोजे मात्र मोजून फेडावे लागतात, शक्यतो पुढचा रमजान यायच्या आत. तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. म्हणजे सुनेच्या नावापुढे सहा दिवस शून्य पडणार आणि ते सासरा, दीर, चुलत दीर असे सगळे वाचणार. आमच्या घरात अजूनही बाया त्या दिवसांत सहरीला, म्हणजे रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाला, सगळ्यांबरोबर उठतात, आणि दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून भाकरीचा तुकडा खातात, पुरुषांना कळू नये म्हणून. मीही खाल्लाय. जमातीचा रकानाही तसाच. आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत बाया जात नाहीत, म्हणजे शर्यत सुरू व्हायच्या आधीच निम्मं घर मागे.

माझ्यापुरतं सांगते. गेल्या रमजानचे माझे सहा रोजे राहिले होते. मुसलमान म्हणून या वर्षीचं माझं सगळ्यात ठोस ध्येय तेवढंच होतं: ते सहा फेडायचे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांचं कथन प्रसिद्ध आहे, रमजानचे सुटलेले रोजे त्यांना शाबानमध्येच भरून काढता येत. मला ते कथन फार आधार देतं. शेवटच्या महिन्यापर्यंत ढकलणारी मी एकटी नाही.

इथे डिसेंबरात रोजा सोपा. फजर, म्हणजे पहाटेची नमाज, सव्वासहाच्या सुमारास, आणि मगरिब, सूर्यास्ताची, पावणेचारला. साडेनऊ तासांत रोजा संपतो, भूक नीट लागायच्या आत. पण २०१८ सालचा रमजान मे-जूनमध्ये आला होता. लीड्सला रोजा अठरा तासांच्या वर जायचा. उन्हाळ्यात इथे आभाळ पुरतं काळं होतच नाही, त्यामुळे फजर नेमकी कधी यावर दोन मशिदींची दोन वेळापत्रकं. तिकडे अमळनेरला रोजा पंधरा तासांच्या आतबाहेर, पण खानदेशचा मे. ग्रुपवर तेव्हाही वाद झाला होता, कोणाचा रोजा भारी, तुझा लांब की आमचा तापलेला. मी हिरिरीने भांडले होते. आता वाटतं, तोही तक्ताच होता, फक्त एक्सेलमध्ये नव्हता.

मी औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. हिवाळ्यात दुपारच्या जोहर, असर आणि मगरिब तिन्ही माझ्या पाळीत येतात. मगरिब नेमकी शाळा सुटल्यावरच्या गर्दीत, खोकणारी पोरं आणि वैतागलेल्या आया काउंटरपुढे रांगेत. मागच्या कोठीत, खोक्यांच्या मधल्या जागेत, पुठ्ठा अंथरून मी तीन रकात, म्हणजे नमाजीची तीन आवर्तनं, पढते. पहिल्या दोन वर्षांत यातल्या किती सुटल्या ते सांगत नाही. मुद्दा वेगळा आहे. अमळनेरात असताना मी पाबंद, नेमाने नमाज पढणारी, होते असं मला वाटायचं. अजान कानावर यायची, दादी ‘ऊठ’ म्हणायची, शेजारची खाला (मावशी) विचारायची. इकडे आल्यावर अजान नाही, दादी नाही, कोणी विचारत नाही. तेव्हा लक्षात आलं की तिथे पढत होता तो मोहल्ला. माझं स्वतःचं त्यात किती होतं ते कोठीतल्या पुठ्ठ्यावर दिसलं, आणि फार नव्हतं.

यावर इथली मंडळी जे औषध देतात त्याचाही मला वीट आला आहे. रमजान जवळ आला की रंगीत डायऱ्या, चिकटवायचे तारे, ‘तीस दिवसांत नवे तुम्ही’ छापाचे पैसे भरून ऐकायचे वर्ग. फोनमधलं ॲप सलग दिवस मोजतं आणि एक दिवस चुकला की पुन्हा शून्यावर आणतं. त्या ॲपलाही बाई महिन्यातून एकदा बिघडलेली वाटते. भाच्याने तक्त्याची कल्पना उचलली ती इकडूनच, लंडनच्या कोणाचा व्हिडिओ पाहून. तेव्हा परदेशात श्रद्धा शुद्ध आणि गावाकडे देखावा, असं काही मला म्हणायचं नाही.

फुफीचंही सगळं पटत नाही. मोजणं दीनमध्ये, म्हणजे धर्मात, आहेच. वक्त पाच, पारे तीस, निसाबाच्या, म्हणजे ठरलेल्या किमान मर्यादेच्या, वर वर्षभर राहिलेल्या मालावर जकात अडीच टक्के. अमळनेरला तर ही मोजणी शेअर बाजारापर्यंत जाते. १९४५ साली तिथे निघालेली वनस्पती तुपाची कंपनी पुढे विप्रो झाली, आणि गावात जुने शेअर सांभाळून ठेवलेली माणसं सगळ्या जातिधर्मांत आहेत. आमच्याकडे कोणाला तरी दरवर्षी प्रश्न पडतोच, जकात शेअरच्या भावावर की नफ्यावर. तिथे मुनीम लागतोच, फुफी.

११११ साली वारलेले धर्मपंडित इमाम गजाली यांनी तर आत्मपरीक्षणाला सरळ व्यापाराचीच उपमा दिली. आपला नफ्स, म्हणजे आपलंच मन, हा धंद्यातला भागीदार समजा. सकाळी त्याच्याशी अटी ठरवा, दिवसभर नजर ठेवा, रात्री हिशेब घ्या. मुहासबा म्हणतात तो हाच. पण हा हिशेब दोघांचा आहे, माणसाचा आणि त्याच्या नफ्सचा. तिसऱ्याला वही दाखवली की भागीदार खोटे आकडे लिहायला लागतो. मी स्वतः लिहिलेत. एका वर्षी ग्रुपवर मी ‘अठरा पारे झाले’ म्हणून टाकलं, झाले होते चौदा.

भाच्याने मला वेगळा फोन करून एक गोष्ट सांगितली, ती मात्र तीन दिवसांच्या भांडणात कोणी बोललं नव्हतं. म्हणाला, "खाला, बाहेर रोज कोणीतरी आपला हिशेब मागतं. टीव्हीवर भोंगा, हिजाब, वक्फ. कॉलेजमध्ये मला विचारतात, तुझं यावर मत काय. मग आपण आपला हिशेब चोख ठेवायला नको?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस इंग्लंडात दंगे सुरू झाले, साउथपोर्टच्या मशिदीवर दगडफेक झाली, त्या आठवड्यात दुकानातल्या दोघी मला बसपर्यंत सोडायला यायच्या. त्या आठवड्यात माझी एकही नमाज सुटली नाही. ती भक्ती होती, भीती होती की जिद्द, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. पण दंगे थांबल्यावर पंधरा दिवसांत मी पूर्वीसारखीच ढिली पडले, यावरून अंदाज येतो. लोकांना दाखवायला कसलेली कंबर लोक पांगले की सैल होते. हे मी त्याला सांगितलं. तो गप्प राहिला. पटलं म्हणून की खाला आहे म्हणून, माहीत नाही.

आम्ही पिंजारी. नावापुढे मन्सुरी लावणारे. बगदादचे सूफी मन्सूर हल्लाज, त्यांच्या नावातला हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. दादा, म्हणजे आजोबा, थंडीच्या तोंडावर खांद्यावर पिंजण टाकून बोरीकाठच्या गावांतून फिरायचे, जुन्या गाद्या उसवून कापूस पिंजून द्यायचे. तातीचा तो टण्‌ टण्‌ आवाज ऐकून बाया गाद्या बाहेर काढत. अंगभर तूस, त्यात वजू, नमाजीआधीची हातपाय धुण्याची शुद्धी, कुठे करणार? त्यांच्या दिवसाच्या नमाजा बऱ्याचदा सुटत, रात्री घरी येऊन कजा पढत, म्हणजे सुटलेल्या फेडत, कधी तेही राहून जाई. स्वभावाने तापट, दादीशी रोज खटके. पण एक गोष्ट त्यांनी कधी मोडली नाही. पिंजाऱ्यावर लोकांचा संशय असतो की कापूस मारतो. म्हणून उसवलेला कापूस घरमालकिणीसमोर तोलून घ्यायचा, पिंजल्यावर तोलून द्यायचा आणि निघालेली घाणही वेगळी तोलून दाखवायची. घाणीचं वजन दाखवायला कोणी सांगितलं नव्हतं. भाच्याच्या तक्त्यात दादांचा नंबर शेवटून दुसरा लागला असता.

माझ्या या वर्षीच्या ध्येयांत दुसरं होतं, जे पढते त्याचा अर्थ कळला पाहिजे. लहानपणी आम्ही अरबी अक्षरं लावायला शिकलो, अर्थ मौलवीसाहेबांकडे राहिला. उर्दू मला अर्धी येते, मराठी पूर्ण. कुराणाचं मराठी भाषांतर मिळतं. ते घेऊन बसले, तर ग्रुपवर एका काकांना ते खटकलं होतं, मराठीत कुराण म्हणजे काय! दादीने आयुष्यभर दुवा अहिराणीत मागितली, तेव्हा कोणाला खटकलं नाही.

मोठं काही ठेवलं नव्हतं, शेवटच्या पाऱ्यातले लहान सूरह, म्हणजे अध्याय, आठवड्याला एक. अल्लाला आवडणारी कामं ती, जी सातत्याने होतात, थोडी असली तरी, या हदीसचा, पैगंबरांच्या वचनाचा, मी सोयीने फायदा घेते. सूरह माऊन सात आयतींची आहे, शेकडो वेळा पढलेली. अर्थ वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसले. आपल्या नमाजीकडे दुर्लक्ष करणाऱ्या, दाखवण्यासाठी करणाऱ्या आणि माऊन द्यायला नाकारणाऱ्या नमाज्यांची तिथे खैर नाही. माऊन म्हणजे काय, तर जुने भाष्यकार सांगतात, शेजाऱ्याने मागितलेली रोजची वस्तू. बादली, हंडी, कुऱ्हाड. अमळनेरच्या भाषेत विरजण, चाळणी, वाटीभर साखर.

इथे माझ्याकडे विरजण कोणी मागत नाही. शेजारी एक ऐंशीच्या पुढची इंग्रज बाई एकटी राहते. मंगळवारी सकाळी तिचा कचऱ्याचा चाकांचा डबा फुटपाथवर न्यायचा असतो आणि रात्री आत आणायचा. तिने एकदा सांगितलं, मी केलं. मग ते माझ्याच गळ्यात पडलं. वर्षभर मी हे मनात चरफडत करत होते, विशेषतः पावसात. सूरह वाचल्यावर चरफड गेली असं म्हणणार नाही. पण डबा ओढताना आता ती सूरह आठवते आणि चरफडायला जरा लाज वाटते.

तक्ता शेवटी बारगळला. पोरांनी आपला वेगळा ग्रुप काढला, तिथे तो चालू आहे म्हणे. चालू दे. त्या वयात मलाही शर्यत लागायची, आणि दोन-चार पोरं त्या निमित्ताने फजरला उठली तर वाईट काय. माझा आग्रह एवढाच होता की घरातल्या बायांची नावं त्यातून काढ. त्याने काढली. का, ते त्याला त्याच्या आईने नीट सांगावं असं मी तिला बजावलं आहे. तिने सांगितलं की नाही, कळलं नाही.

परवा त्यानेच विचारलं, "खाला, तुमचं स्वतःचं ध्येय काय मग?"

म्हटलं, "कजाचे तीन रोजे राहिलेत, ते रमजानच्या आत."

"बस? एवढंच?"

"एवढंच. आणि मंगळवारचा डबा."

त्याला डब्याचं काही कळलं नाही. उद्या चौथा रोजा धरायचा आहे, आणि घरात दूध नाही. दुकान दहाला बंद होतं.