उंदराचा मेंदू आधीच जोडलेला असतो, मग लाटा कशाला? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डोळे उघडण्याआधी दृष्टिपटलात आपोआप उठणाऱ्या विद्युत लाटा डोळ्यांपासून मेंदूपर्यंतची जोडणी बारीक आखतात, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर ओझरहून तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. मन्क१८-१ हे जनुक काढलेल्या उंदरात चेतापेशींमधला रासायनिक संदेश पूर्ण बंद असतो, तरी मेंदू नीट घडतो. द्राक्षाचा घड काडीतच ठरतो, तसंच हे. आणि उद्या गर्भसंस्कारवाले पुरावा म्हणून माझाच हा लेख दाखवतील.

पहिला आक्षेप वजनदार आहे. २००० सालच्या त्या प्रयोगात मेंदूचे थर, मुख्य तंतूमार्ग खरंच जागच्या जागी होते. पण ती पिल्लं जन्मताच मरतात. उंदरात डाव्या-उजव्या डोळ्याचे तंतू थॅलॅमसमध्ये, म्हणजे डोळ्यांचे संदेश पुढे पाठवणाऱ्या मेंदूतल्या केंद्रात, वेगळे होतात ते जन्मानंतरच्या साधारण दहा दिवसांत, डोळे उघडण्याआधी. त्या कामाची वेळच या पिल्लांवर येत नाही. ढोबळ नकाशा एफ्रिनसारखे रेणू आखतात, हे मान्यच. वाद बारीक आखणीचा आहे.

त्या दिवसांत दृष्टिपटलात दर मिनिटा-दोन मिनिटांनी एखादी लाट उठते. दृष्टिपटलातल्याच स्टारबर्स्ट ॲमॅक्राइन पेशी ॲसिटिलकोलीन हे संदेशवाहक रसायन सोडतात, त्यावर ती पसरते. शेजारच्या पेशी एकत्र पेटतात, म्हणजे विद्युत संदेश सोडतात. दोन डोळ्यांच्या लाटा मात्र बहुधा वेगवेगळ्या वेळी येतात. या वेळेच्या फरकावरूनच दोन डोळ्यांचे तंतू वेगळे होतात, असा माझा मुद्दा.

लाटा थांबवून पाहणारे प्रयोग पुरावा म्हणून कच्चेच. टेट्रोडोटॉक्सिन हे चेतापेशींचे विद्युत संदेश थांबवणारं विष दिलं की सगळंच गप्प होतं. मग बिघाड लाटांचा क्रम गेल्यामुळे झाला की पेशी मुक्या झाल्यामुळे, ते कळत नाही. ॲसिटिलकोलीन टिपणारा बीटा-२ ग्राहक नसलेल्या उंदरांना ‘लाटाच नसलेले’ म्हणायचे, पण दृष्टिपटल ज्यात ठेवून तपासतात त्या द्रावणाचं तापमान आणि घटक बदलले की त्यांच्या दृष्टिपटलातही वेगळ्या धाटणीच्या लाटा दिसतात. म्हणून माझी भिस्त अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या २०१२ च्या प्रयोगावर आहे. तिथे उंदरांच्या दृष्टिपटलाच्या पेशींत चॅनेलरोडॉप्सिन हे प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन होतं, त्यामुळे प्रकाशानं त्या पेटवता येत. दोन्ही डोळे एकाच वेळी पेटवले तर तंतूंची विभागणी बिघडली. वेगवेगळ्या वेळी पेटवले तर ती अधिक ठळक झाली. पेशी मुकी केली म्हणून बिघडलं, असं इथे म्हणता येत नाही.

द्राक्षाचं म्हणाल तर एप्रिल छाटणीनंतर ऊन मिळालं नाही, पानोरा दाट राहिला, की सूक्ष्म घडनिर्मिती घटते आणि ऑक्टोबर छाटणीनंतर काड्या वांझ निघतात. निफाड-दिंडोरीत हे कुणाला सांगायला नको. उदाहरण तुमचं, पण ते माझ्याच बाजूनं बोलतंय.

राहिला गर्भसंस्कार. हे सगळे प्रयोग उंदीर, फेरेट, मांजर यांच्यावरचे. आणि लाटा दृष्टिपटलात आपोआप उठतात. पोटावर हेडफोन लावून त्यांत भर पडते, असं यातला एकही प्रयोग दाखवत नाही.